घर ओढायचे, तर आधी वजन करा

'कारवाँ' हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. मूळ फारसी 'कारवान'. तो युरोपात गेला, तिथे चाकांवरच्या घराचे नाव झाला आणि आता 'कॅराव्हॅन' होऊन, चांगलाच महाग होऊन, आपल्याकडे परत आला आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याच वर्षी केरळनेही आणले. तेव्हापासून मोबाइलवर अशा गाड्यांच्या चित्रफिती फिरू लागल्या आणि घराघरांत विषय निघू लागला: आपणही एखादा ट्रेलर घेऊन आपल्या गाडीला जोडला तर?

आम्ही मौद्याला राहतो. आमच्याही घरात हा विषय निघाला, कागद-पेन्सिल घेऊन हिशोब झाले, दोन-तीन संध्याकाळी वादातही गेल्या. तेव्हा या महिन्याचे सदर त्यालाच देतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण बाजारात दोघींनाही एकच नाव आहे. एक, मोटर कॅराव्हॅन: इंजिन, चालक, पलंग, चूल, संडास सगळे एकाच गाडीत. दुसरी, ट्रेलर कॅराव्हॅन: नुसती खोली. तिला स्वतःचे इंजिन नसते, ती आपल्या मोटारीमागे ओढायची, मुक्कामी सोडून ठेवायची आणि मोटार घेऊन गावात फिरून यायचे. ट्रेलरचा मोठा फायदा हाच. शिवाय त्याला इंजिन नाही, म्हणजे ऑइल नाही, क्लच नाही. एवढे ऐकून माणूस खूश होतो आणि उरलेले ऐकायचे राहून जाते.

आपल्या घरांत ही हौस केवळ फिरण्याची नाही, हे आधी मान्य करू. आमच्या दादींचे उदाहरण घ्या. त्यांची मुलगी, म्हणजे मुलांची फुफी, हैदराबादला असते. नागपूरहून हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल करत साधारण पाचशे किलोमीटर. रस्ता चांगला आहे, गाडीही आहे, पण दादी कित्येक वर्षांत गेलेल्या नाहीत. कारण एकच, वाटेतले संडास. प्रवासाच्या दिवशी त्या सकाळपासून पाणी पिणे बंद करतात. घरातल्या सुनाही तेच करतात, फक्त बोलत नाहीत. पाणी तोडून, लघवी दाबून दिवस काढला की म्हाताऱ्या शरीरात काय होते ते वेगळे सांगायला नको. चक्कर, जळजळ, ताप आणि पोहोचल्यावर दोन दिवस अंथरूण. ज्यांना रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना तर हा खेळ फारच महाग पडतो. तेव्हा 'स्वतःचा संडास सोबत' ही चैन आहे असे आम्ही म्हणणार नाही.

हे दादींना सांगितले, तेव्हा झालेले बोलणे आम्हाला सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा उपयोगी पडले.

"दादी, त्यात संडास असतो. आता तुम्हाला पाणी बंद करायला नको," थोरला नातू म्हणाला.

"चालत्या गाडीत जाता येतं?"

"नाही दादी, गाडी थांबवायची. चालताना ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नसतं."

"मग मी कुठं बसणार?"

"आपल्या मोटारीत, आत्ता बसता तशाच."

दादी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझे गुडघे तिथंच दुमडलेले. नुसता संडास मागून येणार."

अगदी बरोबर. ट्रेलर झोपण्याचा प्रश्न सोडवतो, बसण्याचा सोडवत नाही. चालत्या ट्रेलरात माणसे बसवणे जिवावरचे आहे. ब्रिटनमध्ये तर चालत्या कॅराव्हॅनमध्ये प्रवासी नेण्यास कायद्यानेच मनाई आहे. आत पट्टा नाही, हवेची पिशवी नाही, आणि जोड निसटला तर आतल्या माणसाच्या हातात ना ब्रेक ना स्टिअरिंग. म्हणून ट्रेलरचे पलंग मोजण्याआधी मोटारीतले पट्टे मोजायचे. आमच्या घरात दादी धरून आठ माणसे. सात आसनी गाडीत आठवे मूल कुणाच्या तरी मांडीवर जाते, आणि मागे ट्रेलर असताना ब्रेकचे अंतर वाढलेले असते. तिथेच आमचा अर्धा बेत अडला.

आता मोटारीकडे येऊ. बहुतेक लोक आधी ट्रेलर पसंत करतात आणि मग 'आपली गाडी ओढेल का' असे विचारतात. विचारायला गॅरेजमध्ये जातात, आणि गॅरेजवाला म्हणतो, "काय नाय होत, आरामात ओढते." ओढते यात शंका नाही. प्रश्न थांबण्याचा आहे. गाडीसोबत आलेली पुस्तिका काढा आणि 'टोइंग' या शब्दाखाली काय लिहिले आहे ते वाचा. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक मोटारींच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते, काहींत ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही असे स्पष्ट म्हटलेले असते. परदेशातला आकडा इथे लावू नये. ऑस्ट्रेलियात विकली जाणारी महिंद्रा स्कॉर्पिओ ब्रेक असलेला २,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढू शकते असे कंपनी तिथे जाहीर करते. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण आपल्या दारातल्या गाडीला तीच क्षमता लिहून दिली आहे का, हे इथल्या कंपनीकडून लेखी घ्यायचे. तोंडी नाही.

हुक कुठूनही वेल्डिंग करून घेणे तर मुळीच नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस सर्वांत आधी असाच बदल शोधतो.

वजनाचा हिशोब मात्र आपल्या मौद्याच्या माणसाला परदेशी माणसापेक्षा लवकर कळेल असे आम्हाला वाटते, कारण आपण धानाच्या ट्रॉल्या बघत वाढलो. ब्रिटनमध्ये नवख्यांसाठी एक ढोबळ नियम सांगतात: भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ नये. यातला 'भरलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. विकणारा रिकामे वजन सांगतो. समजा त्याने ७५० किलो सांगितले. त्यात पाण्याची टाकी ८० लिटरची, म्हणजे ८० किलो. घरगुती सिलिंडर भरलेला, गॅस १४.२ किलो आणि लोखंड जवळपास तेवढेच, मिळून ३० किलो धरा. बॅटरी २५. आठ जणांच्या गाद्या-रजया ५०. भांडी, शेगडी, शिधा ५०. कपड्यांच्या बॅगा ६५. झाले ३०० किलो. साडेसातशेचा ट्रेलर दारातून निघताना १,०५० किलोचा झाला. ८५ टक्क्यांच्या हिशोबाने त्याला ओढायला किमान १,२३५ किलोची मोटार हवी, आणि तीही ओढण्याची परवानगी असलेली. बाजारातल्या काही लोकप्रिय सात आसनी गाड्या याच्या खालीच राहतात. लग्नाला जाताना सोबत न्यायचे आहेराचे सामान आम्ही अजून धरलेलेच नाही!

हे सगळे कागदावर न ठेवता धरमकाट्यावर ठेवा. महामार्गाला लागून काटे आहेत, धानाचे ट्रक जातात तिथेच. घरची सगळी माणसे बसवून, टाकी भरून मोटार एकदा काट्यावर न्या आणि आलेला आकडा गाडीच्या एकूण अनुज्ञेय वजनाशी ताडून पाहा. आमचे असे म्हणणे आहे की ट्रेलर घ्यायचा नसला तरी प्रत्येक मोठ्या कुटुंबाने हे एकदा करावे. आठ माणसे सरासरी साठ किलोची धरली तरी ४८० किलो होतात, आणि डिकी अजून रिकामीच आहे.

त्याच्यापुढचा मुद्दा भाराच्या तोलाचा. बैलगाडी हाकणाऱ्या जुन्या माणसाला विचारा. भार मागे गेला की गाडी 'उलाळ' होते, जू वर उचलते. भार फार पुढे आला की बैलांच्या मानेवर बसतो. ट्रेलरचे अगदी तेच. हुकावर थोडा भार पुढे असलाच पाहिजे. युरोपात ट्रेलरच्या वजनाच्या पाच ते सात टक्के सांगतात, अमेरिकेत दहा ते पंधरा, आणि मोटारीच्या पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर तीच अखेरची. भार कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो. जास्त झाला तर मोटारीचे मागचे बूड बसते, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. ट्रॉलीच्या ओझ्याने ट्रॅक्टरचे नाक उचललेले आपण पाहिले आहे, त्याचाच हा छोटा भाऊ. हा भार धान्याच्या दुकानातल्या काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून सपाट जमिनीवर मोजता येतो. वर दिलेल्या ट्रेलरला दहा टक्क्यांनी १०५ किलो आले, आणि हे १०५ किलो मोटारीच्या ओझ्यात धरायचे असतात, ट्रेलरच्या नव्हे. म्हणजे माणसे ४८० आणि हुकावर १०५, मिळून ५८५. डिकीत साधी पाण्याची बाटली ठेवायलाही पुस्तिका बघावी लागेल.

म्हणून जड सामान चाकांच्या वर, खाली, मधोमध. हलके सामान वरच्या कपाटात. मागच्या टोकाला काही नाही. सायकली मागे लटकवण्याचा मोह मुलांना होतो, तो मोडून काढा.

डोलणे सुरू झालेच तर? ब्रेकवर पाय दाबायचा नाही, स्टिअरिंग उलट-सुलट फिरवायचे नाही. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा. नागपूर-भंडारा रस्त्यावर बाजूने भरधाव ट्रक गेला की साधी मोटारही हवेने हलते. मागे उभी भिंत असेल तर किती हलेल याचा विचार करा. उतारावर ट्रेलर मागून ढकलतो, म्हणून चढताना जो गिअर लागला असता तोच घालून उतरायचे.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. युरोपात ७५० किलोच्या वर ते सक्तीचे आहेत. आपल्याकडच्या शेतीच्या ट्रॉलीला ब्रेक नसतात आणि चालून जाते, हे उदाहरण देऊ नये. ट्रॉलीचा वेग आणि महामार्गावरच्या मोटारीचा वेग एक नाही. ब्रेकही दोन तऱ्हेचे असतात. एका प्रकारात मोटार हळू झाली की ट्रेलरचे नाक मागून दाबते आणि त्या दाबानेच ब्रेक लागतात. दुसऱ्यात वीज लागते, मोटारीत वेगळे उपकरण बसवावे लागते. परदेशातून आलेला जुना ट्रेलर स्वस्तात मिळत असेल तर हुकाचा गोळाही मोजा. युरोपी गोळा ५० मिलिमीटरचा, अमेरिकी दोन इंचांचा, म्हणजे ५०.८. फरक नखाएवढाही नाही, पण दोन इंचांची पकड ५० च्या गोळ्यावर सैल बसते आणि खड्ड्यात उडू शकते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. कायद्याच्या नजरेत ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, विमा वेगळा, मागचे दिवे आणि नंबरपट्टी वेगळी. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर बिगर-परिवहन वाहनांत मोडते. भाड्याने द्यायचा विचार असेल तर हिशोब बदलतो. पैसे देण्याआधी आरटीओमध्ये ट्रेलरच्या मॉडेलची मान्यता दाखवून 'याची नोंदणी होईल का' हे विचारा. विकणारा "नंतर बघू" म्हणाला तर दुकानातून बाहेर या.

आता घरातल्या भगिनींचा प्रांत: पाणी, चूल आणि संडास. आठ माणसांना ८० लिटर पाणी म्हणजे माणशी दहा लिटर. पिणे, भांडी, संडास आणि वुजू. नळ सोडून वुजू केले तर टाकी दुपारपर्यंत संपते. हजरत पैगंबर (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत असे हदीसमध्ये आले आहे, आणि मुद म्हणजे जेमतेम पाऊण लिटर. लोटा सोबत ठेवा, नळाची सवय घरी ठेवा. दुसरी सोय अशी की टाकी भरून पाचशे किलोमीटर न्यायची गरजच नाही. निघताना थोडी भरा, मुक्कामी पोहोचल्यावर पुरी भरा. तेवढेच ओझे कमी. अर्धी टाकी आत हिंदकळते, म्हणून ती चाकांच्या जवळपास आहे का हे मात्र बघून घ्या.

चुलीचा नियम एकच: गाडी चालू होण्याआधी सिलिंडरचा वॉल्व्ह बंद. शेगडी बंद नव्हे, वॉल्व्ह बंद. पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, तो बरा. थंडीत उबेसाठी कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावून झोपू नये. त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही आणि झोपलेला माणूस उठत नाही.

संडासाच्या पेटीबद्दल माहितीपत्रके फार गोड बोलतात. पेटी साधारण वीस लिटरची असते. आठ माणसांत ती दीड दिवसही पुरणार नाही, कारण आपण पाणी वापरतो. मग ती रिकामी कुठे करायची? परदेशात त्यासाठी तळावर खास जागा असतात. आपल्याकडे एखाद्या पेट्रोल पंपाच्या किंवा धाब्याच्या मालकाला विचारून तिथल्या संडासातच ओतावी लागेल. ओढ्यात, शेतात नाही. हे काम घरात कोण करणार हे ट्रेलर घेण्याआधी ठरवा. आमच्याकडे हा प्रश्न विचारला तेव्हा सगळे पुरुष अचानक फोन बघू लागले.

इतके सगळे बघून आमच्या घराने जे ठरवले ते सांगतो. ट्रेलर घ्यायचा नाही. आठ माणसे, एक वृद्ध स्त्री आणि वर्षातून एक-दोन मोठे प्रवास, यासाठी तो बरोबर नाही. दादींना हैदराबादला न्यायचेच आहे, पण या हिवाळ्यात भाड्याने गाडी घेऊन. ट्रॅव्हलर जातीची, सरळ पाय ठेवता येतील अशी, प्रत्येक आसनाला पट्टा असलेली. संडास असलेली मोटर कॅराव्हॅन भाड्यात परवडली तर ती, नाही तर ट्रॅव्हलरमध्ये सुटा संडास आणि कपडे बदलायचा छोटा उभा तंबू. प्रवास एका दिवसात ओढायचा नाही, आदिलाबादला मुक्काम करायचा. दर दोन तासांनी थांबायचे, दादींनी मागितले नाही तरी. आपल्याला लाज वाटू नये म्हणून कुणी विचारत नाही आणि कुणी विचारत नाही म्हणून बायका पाणी सोडतात, हे ट्रेलर असो वा नसो, बदलता येते.

ट्रेलर कुणासाठी योग्य? चार माणसांचे कुटुंब, ओढण्याची लेखी क्षमता असलेली दणकट मोटार, वर्षातून अनेकदा आणि एकेका ठिकाणी चार-सहा दिवस राहण्याची सवड. खिंडसीच्या काठी किंवा पेंचच्या बाजूला जाऊन राहणारे, पक्षी बघणारे, आणि ज्यांच्या घरामागे मोकळी जागा आहे असे. त्यांनी जरूर घ्यावा, मात्र पहिला ट्रेलर छोटा, एका आसाचा, हलका. आणि घेण्याआधी दोन दिवस भाड्याने किंवा ओळखीतून ओढून बघावा. शेतात चार दगड मांडून मागे घेण्याचा सराव करावा. स्टिअरिंग एकीकडे फिरवले की ट्रेलर दुसरीकडे जातो. ट्रॉली मागे घेणारा शेजारचा ट्रॅक्टरवाला यात सर्वांत चांगला उस्ताद. त्याला चहा पाजा आणि शिका.

जागेचा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांत सर्वांत मोठा आहे. ट्रेलर वर्षातले तीनशेहून अधिक दिवस उभाच असतो. गल्लीत उभा केला तर रुग्णवाहिका आणि जनाजा कुठून जाणार याचा विचार शेजाऱ्यांआधी आपणच करावा. रस्त्यापासून दारापर्यंत सर्वांत अरुंद जागेची रुंदी आणि खाली लोंबणाऱ्या तारांची उंची फितीने मोजून लिहून घ्या. पावसाळ्यात छताचे सांधे गळतात, आत बुरशी धरते, उंदीर वायरी कुरतडतात. उभ्या ट्रेलरचे टायर न झिजता म्हातारे होतात. नक्षी नवी दिसते आणि रबराला भेगा पडलेल्या असतात. जुना ट्रेलर बघायला गेलात तर टायरच्या कडेवर चार आकडी छाप शोधा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३४१७ असे असेल तर तो टायर २०१७ च्या चौतिसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही नवी दिसली तरी तो बदलून द्या म्हणावे, किंवा त्याचे पैसे किमतीतून कापून घ्यावेत.